रोममध्ये मुक्काम ठेवून करायच्या एका दिवसाच्या सहली : ओस्तिया, तिव्होली, ओर्व्हिएतो आणि पॉम्पेई

रोमला पाच-सहा दिवसांसाठी जाणारा मराठी पर्यटक बहुधा दोन चुकांपैकी एक करतो. एक तर तो सगळे दिवस कोलोसियम, व्हॅटिकन आणि त्रेव्हीचे कारंजे यांच्या गर्दीत घालवतो, नाही तर यात्रा कंपनीच्या बसमध्ये बसून एकाच दिवसात पॉम्पेई, सोरेंतो आणि अमाल्फीचा किनारा उरकतो आणि रात्री अकरा वाजता सुजलेल्या पायांनी हॉटेलात परततो. या दोन्हींच्या मधला मार्ग सोपा आहे. मुक्काम रोममध्येच ठेवावा, सामान तिथेच राहू द्यावे आणि दोन किंवा तीन दिवस सकाळी रेल्वेने बाहेर पडून संध्याकाळी परत यावे. त्यासाठी गाडी भाड्याने घ्यावी लागत नाही, मार्गदर्शक लागत नाही आणि खर्चही बेताचा राहतो. मात्र कोणत्या वारी कुठे जायचे, कोणत्या स्थानकावरून निघायचे आणि तिथे पोहोचल्यावर कोणत्या क्रमाने फिरायचे, या तीन गोष्टी घरूनच ठरवून निघावे लागते. या लेखात त्या तिन्ही गोष्टी, मला योग्य वाटणाऱ्या क्रमाने, सांगितल्या आहेत.

सुरुवातीलाच एक नियम सांगून ठेवतो. एका दिवसात एकच गाव करावे. तिव्होलीत दोन प्रासाद आहेत, तेवढा एक अपवाद. नकाशावर दोन ठिकाणे जवळ दिसली तरी मधल्या बसची वाट पाहण्यात, जेवणाच्या वेळेत आणि उन्हात जाणारे तास नकाशा दाखवत नाही.

आधी वार ठरवावा

बहुतेक लोक आधी ठिकाण निवडतात आणि मग वार पाहतात. इटलीत हे उलटे करावे लागते. ओस्तिया आंतिका हे प्राचीन बंदर सोमवारी बंद असते. तिव्होलीतील व्हिला देस्ते सोमवारी सकाळी बंद असून दुपारी दोन वाजता उघडते. पॉम्पेई आणि ओर्व्हिएतो ही दोन ठिकाणे सोमवारीही पाहता येतात. रोममधलीही अनेक सरकारी संग्रहालये सोमवारी बंद असल्यामुळे सोमवार हा शहराबाहेर पडण्याचा दिवस ठरवून टाकावा आणि त्या दिवशी ओर्व्हिएतो किंवा पॉम्पेई गाठावे. नेपल्सचे पुरातत्त्व संग्रहालय मंगळवारी बंद असते. पॉम्पेईबरोबर तेही पाहण्याचा विचार मनात असेल, तर मंगळवार टाळावा.

महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी मालकीच्या पुरातत्त्वस्थळांना आणि संग्रहालयांना प्रवेश विनामूल्य असतो. ऐकायला हे आकर्षक वाटते, पण त्या दिवशी पॉम्पेईच्या प्रवेशद्वारावरची रांग पाहिली की तिकिटाचे पैसे वाचल्याचा आनंद फार टिकत नाही. ओस्तिया मात्र इतके विस्तीर्ण आहे की त्या रविवारीही तिथे दाटी जाणवत नाही. फुकट प्रवेशाचा लाभ घ्यायचाच असेल, तर तो तिथे घ्यावा.

दुसरी बाब संपाची. इटलीत रेल्वे आणि शहरी वाहतुकीचे संप आधी जाहीर करून होतात आणि पुष्कळदा ते शुक्रवारी येतात. संपाला तिथे 'शोपेरो' म्हणतात. हा शब्द स्थानकाच्या फलकावर किंवा हॉटेलच्या स्वागतकक्षात कानावर आला, तर दुर्लक्ष करू नये. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत ठरावीक प्रादेशिक गाड्या चालवाव्या लागतात. अशा दिवशी जावेच लागले, तर या दोन खिडक्यांमध्ये जाण्यायेण्याचे नियोजन बसवता येते. पण पर्याय असेल तर तो दिवस रोममध्येच काढणे शहाणपणाचे.

ऋतूचाही विचार करावा. जुलै-ऑगस्टमध्ये पारा पस्तिशीच्या वर जातो, आणि पॉम्पेई व तिव्होलीचा दुसरा प्रासाद व्हिला आद्रियाना येथे सावली फारच थोडी आहे. शिवाय १५ ऑगस्टला 'फेर्रागोस्तो'ची सुट्टी असते आणि तिच्या मागेपुढे लहान गावांतली उपाहारगृहे आणि दुकाने आठवडाभरही बंद असतात. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर हे सगळ्यांत सुखाचे महिने. हिवाळ्यात गर्दी नसते, पण डिसेंबरमध्ये सूर्य पावणेपाचच्या आतच मावळतो आणि उघड्यावरची स्थळे त्याच्याही आधी बंद होतात. त्या दिवसांत सकाळी नऊच्या आत गाडीत बसलेले असावे.

स्थानक, तिकीट आणि फलाट

इटलीतल्या गाड्या ढोबळमानाने दोन प्रकारच्या आहेत. वेगवान गाड्यांमध्ये फ्रेच्चारोस्सा आणि इतालो ही दोन नावे ठळक आहेत. त्यांत आसन आरक्षित असते आणि विमानाप्रमाणे भाडे मागणीनुसार बदलते, त्यामुळे तिकीट जितके लवकर काढाल तितके स्वस्त पडते. दुसऱ्या प्रकारच्या म्हणजे प्रादेशिक गाड्या. त्यांना 'रेज्योनाले' म्हणतात. त्यांचे भाडे ठरलेले असते, आसन आरक्षित नसते आणि तिकीट आदल्या महिन्यात काढले काय किंवा गाडी सुटण्याआधी दहा मिनिटे काढले काय, किंमत तीच राहते. या लेखातील सहलींपैकी फक्त पॉम्पेईसाठी वेगवान गाडी लागते. तिव्होली आणि ओर्व्हिएतोला प्रादेशिक गाडी पुरते, तर ओस्तियाला शहरी लोकल जाते.

प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट नुसते विकत घेऊन भागत नाही. गाडीत चढण्यापूर्वी फलाटाच्या तोंडाशी भिंतीवर किंवा खांबावर लावलेल्या छोट्या यंत्रात ते सरकवून त्यावर वेळेचा शिक्का उमटवून घ्यावा लागतो. मोबाइलवर काढलेल्या प्रादेशिक तिकिटालाही प्रवासापूर्वी 'चेक-इन' करावे लागते. यंत्रात तिकीट घातल्यावर आवाज होतो, पण कधीकधी शाई फिकी असते आणि कागदावर काहीच उमटत नाही. आमचे तसेच झाले होते. तपासनीस आला तेव्हा आमच्या तिकिटावर नुसता खाचेचा ठसा होता आणि आम्ही खाणाखुणांनी दिलेले स्पष्टीकरण त्याने मान वाकडी करून ऐकून घेतले. सुदैवाने त्याने खिशातले पेन काढून तारीख लिहून दिली, पण तो दंडही करू शकला असता. शिक्का उमटला की नाही, हे यंत्रापाशी उभे असतानाच वाचून घ्यावे.

स्थानकावरच्या फलकावर गाडीचे शेवटचे स्थानक लिहिलेले असते, आपले नव्हे. ओर्व्हिएतोची गाडी फलकावर 'फिरेन्झे' म्हणजे फ्लॉरेन्सची म्हणून लागते आणि तिव्होलीची गाडी अवेझ्झानो किंवा पेस्कारा यांच्या नावाने. म्हणून गावाचे नाव शोधत फलकाखाली उभे राहण्यापेक्षा तिकिटाबरोबर मिळालेला गाडी क्रमांक आणि सुटण्याची वेळ पाठ करावी. 'बिनारियो' म्हणजे फलाट, 'रितार्दो' म्हणजे उशीर आणि 'सोप्रेसो' म्हणजे रद्द. एवढे तीन शब्द कळले की फलक वाचता येतो. फलाट क्रमांक बहुधा गाडी सुटण्याच्या थोडाच वेळ आधी लागतो.

रोमच्या मुख्य स्थानकाविषयी, म्हणजे तेर्मिनीविषयी, एक विशेष सूचना आहे. फलाट क्रमांकापुढे 'एस्त' असे लिहिलेले असेल, तर तो फलाट मुख्य फलाटांच्या बाजूला, पण बराच पुढे आहे. तिथपर्यंत भरभर चालत दहा मिनिटे लागतात. काही प्रादेशिक गाड्या तिथूनच सुटतात. लहान मुले किंवा ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील, तर गाडीच्या किमान अर्धा तास आधी तेर्मिनीवर असावे.

ओस्तिया आंतिका : सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत दुर्लक्षित सहल

एकच दिवस हाताशी असेल, तर मी पॉम्पेईऐवजी ओस्तिया सुचवतो आणि हे ऐकून लोक नाराज होतात. पण तेर्मिनीहून तासाभरात पोहोचता येणारे, शहराच्या साध्या तिकिटात होणारे आणि पुरेसे निवांत असे प्राचीन रोमन नगर दुसरे नाही.

जाण्याचा मार्ग असा. मेट्रोच्या 'बी' मार्गिकेने तेर्मिनीहून चौथ्या थांब्यावर, पिरामिदे येथे उतरावे. बाहेर आल्यावर इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला, केस्तियसच्या थडग्याचा खराखुरा पिरॅमिड समोर दिसतो, त्यावरून थांब्याला नाव पडले आहे. मेट्रोला लागूनच पोर्ता सान पाओलो हे लहान स्थानक आहे आणि तिथून ओस्तियाच्या समुद्रकिनाऱ्याकडे लोकल सुटते. शहरी मेट्रो-बसचे तिकीट याच लोकलला चालते. अर्ध्या तासात ओस्तिया आंतिका हा थांबा येतो. नावात 'ओस्तिया' असलेले आणखी थांबे पुढे समुद्राकाठी आहेत, त्यामुळे 'आंतिका' हा शब्द पाहूनच उतरावे. स्थानकाबाहेरचा पादचारी पूल ओलांडला की पाच-सात मिनिटांत प्रवेशद्वार येते.

ओस्तिया हे तिबेर नदीच्या मुखावरचे रोमचे बंदर. परंपरेनुसार अंकुस मार्सियस या राजाने ते वसवले, पण आज दिसणाऱ्या वस्तीचा सर्वांत जुना भाग इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला आहे. रोमच्या लाखो लोकांचे धान्य, तेल आणि दारू इथून नदीमार्गे वर जात असे. पुढे क्लॉडियस आणि त्राजान या सम्राटांनी जवळच मोठी बंदरे बांधली, नदीने गाळ आणला आणि किनारा पुढे सरकला. आज समुद्र इथून सुमारे तीन किलोमीटर दूर आहे. पॉम्पेई राखेखाली एका दिवसात गाडले गेले, तर ओस्तिया शतकानुशतके हळूहळू ओस पडले. त्यामुळे इथे आपत्ती दिसत नाही, व्यवहार दिसतो.

आत शिरल्यावर देकुमानस माक्सिमस या सरळ, मोठ्या दगडांच्या मुख्य रस्त्याने चालत राहावे. तो किलोमीटरभराहून लांब आहे. उजवीकडे नेपच्यूनची स्नानगृहे लागतात. तिथे जिना चढून वर गेल्यावर खाली चार समुद्री घोड्यांचा रथ हाकणाऱ्या नेपच्यूनचे काळ्या-पांढऱ्या दगडांचे मोझेक दिसते. पुढे रंगमंडल आहे आणि त्याच्या मागच्या बाजूला माझ्या मते ओस्तियातले सर्वांत वाचनीय ठिकाण आहे, ते म्हणजे व्यापारी संघांचा चौक. चौकाच्या तिन्ही बाजूंनी साठेक लहान खोल्या आहेत आणि प्रत्येकीच्या पुढ्यात जमिनीवर मोझेकमध्ये त्या पेढीची पाटी आहे. जहाजे, दीपस्तंभ आणि डॉल्फिन अशी चित्रे तर आहेतच, पण आजच्या लिबियातील साब्राथाच्या व्यापाऱ्यांच्या खोलीपुढे एक हत्तीही उभा आहे. कोणत्या पेढीत कोणत्या बंदराचा व्यवहार होतो, हे अक्षरओळख नसलेल्या हमालालाही चित्रावरून कळत असे. इथे अर्धा तास सहज द्यावा.

रंगमंडलापासून पुढे उजव्या हाताला वळून दियानाच्या गल्लीत जावे. इथे विटांच्या बहुमजली चाळी आहेत. तळमजल्यावर दुकाने, वर भाड्याच्या खोल्या आणि मधोमध उजेडासाठी चौक, ही रचना गिरगाव-दादरच्या वाचकाला समजावून सांगावी लागणार नाही. याच गल्लीत एक खाणावळ जवळपास अखंड उभी आहे. दाराशीच संगमरवरी फळी लावलेला ओटा आहे आणि आत पेले मांडण्यासाठी पायऱ्यापायऱ्यांची फडताळे आहेत. भिंतीवर काय मिळते ते रंगवलेले आहे, आणि मागे उघड्यावर बसून खाण्यासाठी बाकासह छोटेसे अंगण आहे. ओट्याच्या कडेला हात ठेवून उभे राहिले, तर ती कड असंख्य कोपरांनी गुळगुळीत झालेली जाणवते.

तिथून फोरम म्हणजे नगराचा मुख्य चौक, कापितोलियमचे विटांचे उंच मंदिर आणि जवळचे सार्वजनिक शौचालय पाहून बहुतेक लोक मागे फिरतात. पायांत बळ असेल, तर पोर्ता मारिना या वेशीच्या बाहेर थेट जुन्या किनाऱ्याच्या बाजूला जावे. तिथे १९६१ मध्ये उजेडात आलेले प्राचीन ज्यू प्रार्थनास्थळ आहे आणि पाइन वृक्षांची दाट सावली आहे. दगडी फरश्या ओबडधोबड आहेत, त्यामुळे जाड तळव्याचे बूट हवेत आणि गुडघेदुखी असणाऱ्यांनी काठी जरूर न्यावी. एकंदर चार तास धरावेत. आत खाण्याची सोय मर्यादित आहे, म्हणून बरोबर डबा आणि पाणी असलेले चांगले.

तिव्होली : एका दिवसात दोन प्रासाद

तिव्होली रोमच्या पूर्वेला सुमारे तीस किलोमीटरवर, टेकडीच्या उतारावर आहे. कोलोसियमला लागलेला त्राव्हर्तीन नावाचा दगड याच भागातल्या खाणींतला. इथे जाण्यासाठी दोन वाटा आहेत. मेट्रोच्या पोन्ते माम्मोलो स्थानकाबाहेरून बस मिळते, पण ती तिबुर्तिना रस्त्याच्या वाहतुकीत अडकते. तिबुर्तिना स्थानकावरून प्रादेशिक गाडी साधारण तासाभरात, अनियो नदीच्या दरीची दृश्ये दाखवत तिव्होलीला पोहोचवते. मी गाडीच निवडतो. तिबुर्तिनाला मेट्रोने जाताना एक काळजी घ्यावी. 'बी' मार्गिका बोलोन्या स्थानकापुढे दुभंगते, त्यामुळे गाडीच्या माथ्यावर 'रेबिब्बिया' हे नाव पाहूनच चढावे. 'योनिओ' लिहिलेली गाडी दुसरीकडे नेते.

तिव्होलीला उतरल्यावर आधी खालच्या मैदानातला व्हिला आद्रियाना पाहावा आणि दुपारी वर गावातला व्हिला देस्ते. पहिला उघड्यावर आहे, तर दुसऱ्यात झाडी आणि पाणी आहे, त्यामुळे उन्हाच्या दृष्टीने हाच क्रम सोयीचा ठरतो. व्हिला देस्ते सोमवारी दुपारी उघडत असल्यामुळे सोमवारीही हाच क्रम चालतो. गावातून आद्रियानाच्या प्रवेशद्वारापाशी स्थानिक बस जाते. तिची तिकिटे तंबाखूच्या दुकानांत मिळतात. बाहेर काळ्या पाटीवर पांढरा 'टी' असलेले 'तबाक्की' ते हेच. परतीचे तिकीटही तिथेच घेऊन ठेवावे, कारण खाली दुकान शोधत फिरावे लागते.

सम्राट हाद्रियानने इसवी सन ११७ ते १३८ या आपल्या कारकिर्दीत उभारलेला हा प्रासाद शंभराहून अधिक हेक्टरांवर पसरलेला आहे, तेव्हा सगळा पाहण्याचा हट्ट सोडावा. दोन जागा चुकवू नयेत. एक म्हणजे 'सागरी रंगमंडल' नावाचे गोल बेट. त्याच्या भोवती पाण्याचा वर्तुळाकार खंदक आणि खंदकाभोवती स्तंभांची ओवरी आहे. सम्राटाला कामकाजापासून अलिप्त राहता यावे, म्हणून ही जागा असावी, असे मानले जाते. दुसरी म्हणजे कानोपस, कमानी आणि पुतळ्यांनी वेढलेला लांबट जलाशय. याचे नाव इजिप्तमधल्या नाईलच्या मुखाजवळील गावावरून आले. हाद्रियानचा लाडका अंतिनोस इसवी सन १३० मध्ये नाईल नदीतच बुडून मरण पावला, हे माहीत असले की त्या पाण्याकडे पाहण्याची नजर बदलते.

दोन्ही प्रासादांना जोडणारा दुवाही लक्षात ठेवण्यासारखा आहे. कार्दिनल इप्पोलितो देस्ते १५५० मध्ये तिव्होलीचा राज्यपाल झाला. पोपपद हुकलेल्या या सरदारपुत्राने जुन्या मठाच्या जागी प्रासाद आणि उताराची बाग उभारायला घेतली. त्याचा वास्तुविशारद पिर्रो लिगोरियो याने हाद्रियानच्या अवशेषांत उत्खनन केले आणि तिथला संगमरवर व पुतळे वर आणले. सकाळी जे रिते दिसते, त्यातले काही दुपारी दुसरीकडे लागलेले दिसते.

व्हिला देस्तेच्या खोल्या झपाट्याने ओलांडाव्यात आणि बागेसाठी वेळ राखून ठेवावा. शेकडो कारंज्यांच्या या बागेत एकही पंप नाही. अनियो नदीचे पाणी गावाखालच्या बोगद्यातून आणले आहे आणि उताराच्या जोरावरच ते उडते. शंभर कारंज्यांच्या वाटेवरून पुढे गेल्यावर खाली ऑर्गनचे कारंजे लागते. साधारणपणे सकाळी साडेदहापासून दर दोन तासांनी त्याची दारे उघडतात आणि आतल्या नळ्यांतून काही मिनिटे सूर निघतात. पाणी एका बंद खोलीत भोवऱ्यासारखे पडते, पडताना हवा ओढून घेते, ती दाबलेली हवा नळ्यांत जाते आणि पाण्यानेच फिरणारे दंडगोल पट्ट्या दाबत राहते. आजचे यंत्र पुन्हा बसवून २००३ मध्ये सुरू झाले, पण युक्ती सोळाव्या शतकातली आहे. वाजण्याच्या दहा मिनिटे आधी पायऱ्यांवर जागा धरावी. बागेत चढ-उतार भरपूर आहे. परत चढताना दमछाक होते, हे गृहीत धरून परतीच्या गाडीला पाऊण तास हाताशी ठेवावा. व्हिला देस्तेपासून स्थानक वीस मिनिटांच्या चालीवर आहे.

ओर्व्हिएतो : खडकावरचे गाव

तेर्मिनीहून प्रादेशिक गाडी सव्वा ते दीड तासात ओर्व्हिएतोला सोडते. स्थानक पायथ्याशी आणि गाव ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या तुफा खडकाच्या कड्यावर आहे. स्थानकाच्या समोरच फनिक्युलर, म्हणजे दोरावर ओढली जाणारी उताराची रेल्वे, उभी असते. १८८८ मध्ये ती पाण्याच्या वजनावर चालू झाली, आता विजेवर चालते. वर जातानाच शेवटच्या फेरीची वेळ पाटीवर पाहून घ्यावी. सर्व प्रमुख ठिकाणांचे आणि फनिक्युलरचे एकत्रित तिकीट मिळते. दोनाहून जास्त ठिकाणे पाहणार असाल, तर तेच घ्यावे.

वरच्या थांब्यापासून दोन मिनिटांवर सान पात्रित्सियोची विहीर आहे. १५२७ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सच्या सैन्याने रोम लुटले तेव्हा पोप क्लेमेंट सातवा ओर्व्हिएतोला पळून आला, आणि वेढा पडल्यास पाणी तुटू नये म्हणून त्याने आंतोनियो दा सान्गाल्लो या वास्तुविशारदाकडून ही विहीर खोदवली. खोली सुमारे ५३ मीटर, पायऱ्या २४८. विशेष म्हणजे जिने दोन आहेत आणि ते एकमेकांभोवती वेटोळे घालतात, पण कुठेही मिळत नाहीत. पाणी आणणारी खेचरे एका जिन्याने उतरत, तळाशी छोट्या पुलावरून पलीकडे जात आणि दुसऱ्या जिन्याने चढत. समोरून येणाऱ्याला वाट देण्याचा प्रश्नच येत नसे. ही विहीर सकाळीच उतरावी, पाय ताजे असताना.

दुपारपर्यंत गावाखालच्या गुहा पाहाव्यात. त्यासाठी ठरलेल्या वेळी मार्गदर्शकासह फेरी निघते. रोमनांच्या आधी इथे राहणाऱ्या एत्रुस्कन लोकांच्या काळापासून खोदलेल्या या गुहांत कबुतरांसाठी चौकोनी खोबणी कोरलेल्या भिंती आहेत. कबुतरे खाण्यासाठीच पाळली जात, हे आधी सांगून ठेवलेले बरे.

मुख्य चर्च, म्हणजे दुओमो, मुद्दाम शेवटी ठेवावे. १२९० मध्ये पाया घातलेल्या या इमारतीचे तोंड पश्चिमेकडे आहे आणि दर्शनी भागावरचे सोनेरी मोझेक दुपारनंतरच्या उन्हात अक्षरशः पेटतात. तोंडाशी खालच्या खांबांवर सृष्टीच्या उत्पत्तीपासून अखेरच्या न्यायापर्यंतची कथा दगडात कोरली आहे. आत उजवीकडच्या सान ब्रित्सियोच्या दालनात लुका सिन्योरेल्लीने १४९९ ते १५०४ या काळात रंगवलेली चित्रे आहेत. त्यात कवट्यांवर मांस चढत कबरींतून वर येणारे देह असे रंगवले आहेत की कुजबुजणारी गर्दीही गप्प होते. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. उन्हाळ्यात पातळ ओढणी बॅगेत ठेवल्यास अडचण येत नाही.

बरेच जण इथूनच चिव्हिता दि बान्योरेज्यो या कड्यावरच्या गावाला जाण्याचा विचार करतात. बस आहे, पण फेऱ्या मोजक्या आहेत. दुओमो घाईने आटपून तिकडे धावण्याचा सल्ला मी देणार नाही.

पॉम्पेई : जायचेच असेल तर असे

पॉम्पेई हा एका दिवसात होणारा, पण पूर्ण दिवस खाणारा बेत आहे. वेगवान गाडी रोमहून नेपल्सला साधारण सव्वा तासात पोहोचते. सकाळी आठच्या आत निघणारी गाडी आधीच आरक्षित करावी. नेपल्स मुख्य स्थानकाच्या तळघरात गारिबाल्दी या नावाने व्हेसुव्हियस ज्वालामुखीला वळसा घालणाऱ्या 'चिर्कुमव्हेसुव्हियाना' लोकलचे फलाट आहेत. सोरेंतोकडे जाणारी लोकल पकडून 'पॉम्पेई स्काव्ही - व्हिला देई मिस्तेरी' या थांब्यावर उतरावे. पॉम्पेई नावाची इतर स्थानके दुसऱ्या मार्गांवर आहेत आणि तिथे उतरलात तर अवशेष दूर राहतात. लोकल जुनी, गर्दीची आणि उकाड्याची असते. मुंबईकराला तिचे नवल वाटणार नाही, पण खिसेकापूंबाबत तीच सावधगिरी इथेही बाळगावी. बसायला जागा हवी असेल, तर एक थांबा मागे, पोर्ता नोलाना या सुरुवातीच्या स्थानकावरून चढावे.

नोव्हेंबर २०२४ पासून पॉम्पेईत दिवसाला जास्तीत जास्त २० हजार लोकांना प्रवेश दिला जातो आणि तिकिटावर नाव असते. तिकीट अधिकृत संकेतस्थळावरून आधीच काढावे आणि पासपोर्ट बरोबर ठेवावा. स्थानकाबाहेर 'तिकीट इथे' असे ओरडणारी कार्यालये खासगी सहलींची असतात. मोठी बॅग आत नेऊ देत नाहीत, ती प्रवेशद्वाराशी ठेवावी लागते.

इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडले गेलेले हे नगर सुमारे ६६ हेक्टरांचे असून त्याचा तिसरा हिस्सा अजून मातीखाली आहे. उद्रेकाची तारीख २४ ऑगस्ट मानली जात असे. २०१८ मध्ये एका घरात सापडलेल्या कोळशाच्या लिखाणानंतर तो ऑक्टोबरात झाला असावा, या मताला बळ मिळाले. चार तासांत फोरम, फाउनाचे घर, स्नानगृहे, आबुन्दान्झा रस्ता आणि शेवटी गावाबाहेरचे 'रहस्यांचे घर' एवढे होते. रस्त्यांतील गाडीच्या चाकांच्या खोल चाकोऱ्या आणि पाणी साचल्यावर पाय न भिजवता पलीकडे जाण्यासाठी मांडलेले उंच दगड पाहायला विसरू नये. दोन दगडांमधली जागा चाकांच्या मापाने सोडलेली आहे.

मराठी वाचकाला एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. आबुन्दान्झा रस्त्यालगतच्या एका घरात १९३८ मध्ये हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तिला आधी लक्ष्मी म्हटले गेले, पुढे अनेक अभ्यासकांनी ती यक्षी असल्याचे मत मांडले. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला तिच्याशी मिळत्याजुळत्या हस्तिदंती मूर्ती सापडल्या आहेत, त्यामुळे तिचा उगम सातवाहनकालीन महाराष्ट्रात असावा, असे मानण्यास आधार आहे. ती मूर्ती पॉम्पेईत नाही, नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे, आणि फाउनाच्या घरातले अलेक्झांडरचे मूळ मोझेकही तिथेच आहे. त्यासाठी नेपल्समध्ये एक रात्र काढता आली तर उत्तम. एकाच दिवसात दोन्ही करण्याचा प्रयत्न केला, तर संग्रहालयात पोहोचेपर्यंत डोळे मिटायला लागलेले असतात.

जेवण, पाणी आणि शाकाहार

लहान गावांत स्वयंपाकघरे अडीच-तीनला बंद होतात आणि संध्याकाळी साडेसातपर्यंत उघडत नाहीत. एक वाजता जेवायला बसावे. बिलात 'कोपेर्तो' नावाने माणशी थोडी रक्कम लागते, ती फसवणूक नव्हे, प्रथाच आहे. कॉफी काउंटरवर उभ्याने प्यायल्यास स्वस्त पडते, टेबलावर बसल्यास महाग. एका गावात आम्ही मुख्य चौकातल्या खुर्च्यांवर बसून दोन कॉफी घेतल्या आणि बिल पाहून पुढचे तीन दिवस उभेच राहिलो.

शाकाहारी मंडळींनी 'सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे' म्हणजे मांस-मासे नको, असे स्पष्ट सांगावे. कार्बोनारा आणि अमात्रिचाना या रोमच्या प्रसिद्ध पास्त्यांत डुकराचे मांस असते, तर काचो ए पेपे चीज आणि मिऱ्याचा आणि आर्राब्याता टोमॅटो व तिखटाचा असतो. काटेकोर शाकाहाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की पेकोरिनो आणि पार्मेझान ही चीज प्राणिजन्य रेनेट (दूध गोठवणारे द्रव्य) वापरून होतात. अशांना नेपल्सची मारिनारा पिझ्झा सोयीची पडते, कारण तिच्यावर टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल असते, चीज नसते. पिण्याचे पाणी विकत घेण्याची गरज फारशी पडत नाही. रोममध्ये रस्तोरस्ती सतत वाहणाऱ्या लोखंडी नळांचे पाणी स्वच्छ आणि थंड असते. निघतानाच बाटली भरून घ्यावी.

अर्धाच दिवस हाती असेल तर

परतीचे विमान रात्रीचे असेल आणि सामान हॉटेलात ठेवता येत असेल, तर तेर्मिनीहून अर्ध्या तासावरचे फ्रास्काती किंवा पाऊण तासावरचे कास्तेल गान्दोल्फो करावे. कास्तेल गान्दोल्फोला स्थानकापासून चढण चढून गेल्यावर पोपचा उन्हाळी प्रासाद लागतो. २०१६ मध्ये तो संग्रहालय म्हणून खुला झाला. चौकातून डाव्या बाजूला सरकले की आल्बानो हा ज्वालामुखीच्या विवरात साचलेला तलाव खाली पसरलेला दिसतो. या एकपदरी मार्गावर गाड्या मोजक्या असतात आणि स्थानकावर बहुधा तिकीट खिडकी उघडी नसते, त्यामुळे परतीचे तिकीट तेर्मिनीवरच काढून, परतीच्या दोन गाड्यांच्या वेळा कागदावर लिहून घ्याव्यात आणि त्यांतली आधीची गाठण्याच्या हिशेबाने उतरायला लागावे.